चार नंबरची निळी बस

प्रिय दादा,

मागच्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी तुला फोन लावला. चुकून नाही. तू गेलास, तुझा अंत्यविधी झाला, तुझ्या घराची किल्ली मी स्वतः तिथल्या ऑफिसात परत केली, हे सगळं माहीत असताना लावला. रिंग वाजलीच नाही. एक बाई स्वीडिशमध्ये काहीतरी सांगत होती, बहुधा हा नंबर आता वापरात नाही असं. मी तिचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, तेही ऐकलं. शैला चहाचा कप घेऊन आली, माझ्याकडे बघितलं आणि कप ठेवून गेली.

रविवारी आमचे सकाळचे नऊ, म्हणजे तुझे स्टॉकहोमचे दुपारचे तीन. किती वर्षं आपण या वेळेला बोललो? आज पुन्हा रविवार आहे. ॲन आर्बरमध्ये मार्चचा मळका बर्फ रस्त्याच्या कडेला पडून आहे. फोनवर तुला जे कधीच सांगू शकलो नाही ते सांगायचंय, म्हणून लिहायला बसलोय.

पण आधी तुझ्याशी भांडून घेतो. मी डॉक्टर आहे, दादा. चाळीस वर्षं मी लोकांची पोटं तपासली. आणि तू मला काय सांगत होतास? “पोट जरा बिघडलंय. जेवण जात नाही, वयच झालं आता.” मीही म्हटलं, जिरं-ओवा घे, तिखट बंद कर. पाच महिने तू त्या दुखण्यानिशी माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्यास. घरी दिवसातून चार वेळा नगरपालिकेची माणसं येत होती, तुला अंघोळ घालायला, औषध द्यायला, सूप गरम करून द्यायला. हे मला कधी कळलं? तू गेल्यावर, तेस्फायच्या फोनवरून.

मंगळवारची सकाळ होती. मी ड्राइव्हवेतला बर्फ काढत होतो. फोनवर तेस्फाय, माझ्यासाठी अनोळखी माणूस, इंग्रजीत, अगदी सावकाश बोलणारा. “तुम्ही नंदू का? मी तुमच्या भावाबरोबर काम करायचो.” एवढ्यावरच मला समजलं. हातातलं फावडं मी गराजच्या दाराला टेकवून ठेवलं आणि नीट उभं राहिलंय ना ते पुन्हा पुन्हा बघत राहिलो.

तो म्हणाला, घाई करू नका, आमच्याकडे अंत्यविधीला तीन-तीन आठवडे लागतात. मला ते विचित्र वाटलं. आपल्याकडे तीन तासांत माणूस नेतात. पण त्या तीन आठवड्यांमुळे मी पोचू शकलो. तू जिवंत असताना चाळीस वर्षांत जे जमलं नव्हतं, ते जमलं.

जमलं नव्हतं, असं लिहिलं. ते खरं नाही. त्याच्याकडे येतोच आहे.

मिरजेला पाठवलेलं तुझं ते पत्र आठवतं का? सांगलीहून डिप्लोमा करून तू स्टॉकहोमजवळच्या ट्रकच्या कारखान्यात लागलास, तेव्हा अण्णांनी सगळ्या शाळेत पेढे वाटले होते. हेडमास्तरांचा मुलगा युरोपात इंजिनिअर. मग पाच-सहा वर्षांनी कारखान्यानं माणसं कमी केली आणि तुझं पत्र आलं. अण्णांनी ते उभ्यानं वाचलं, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि आईला म्हणाले, “मनोहर खुशाल आहे.” बस, एवढंच. दोन दिवसांनी आईनं सदरा धुवायला काढला तेव्हा ते पत्र मी वाचलं. तू लिहिलं होतंस, “मी आता शहराची बस चालवतो. काम मला आवडतं. काळजी नसावी.”

मी तेव्हा मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होतो. पत्राची परत घडी घातली आणि ते आईला दिलं. तिला इंग्रजी नाही तरी मराठी वाचता येत होतं, तिनं वाचलंही असणार. आपल्या घरात त्यानंतर ‘मनोहर काय करतो’ हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नाही. पण अण्णांकडून उचललं असं म्हणून मी सुटणार नाही. अण्णांच्या वेळी मिरज होतं. मी तर अमेरिकेत होतो, जिथे माझ्या शेजारचा प्लंबर माझ्यापेक्षा मोठ्या घरात राहत होता आणि आम्ही एकमेकांना नावानं हाक मारत होतो.

माझ्या अनघाच्या लग्नाला तू आलास. पंधरा वर्षं झाली. नवा सूट शिवून आला होतास, थोडा मोठाच शिवलेला. लग्नाच्या आदल्या दुपारी आमच्या घरी सगळे जमले होते. सुरेशनं, माझ्या हॉस्पिटलातल्या मित्रानं, हातात प्लेट घेऊन तुला विचारलं, “दादा, तुम्ही स्वीडनमध्ये काय करता?” तू उत्तर द्यायला तोंड उघडलंस आणि मी मध्ये घुसलो. “तो ट्रान्सपोर्ट प्लॅनिंगमध्ये आहे. पूर्ण शहराचं नेटवर्क.”

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. एखाद्या प्रवाशानं चुकीचा स्टॉप विचारला तर बघत असशील, तसं. मग सुरेशला म्हणालास, “हो, ट्रान्सपोर्टमध्येच आहे.” आणि ताटातली पुरी मोडायला लागलास.

लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवशी तू म्हणालास, “मला इथली बस बघायचीय.” मी म्हटलं, “घरात तीन गाड्या आहेत, बस कशाला?” तू हसलास आणि कोपऱ्यावरच्या स्टॉपवर जाऊन उभा राहिलास. दिवसभर फिरलास. संध्याकाळी परत आलास ते गाल लाल झालेले, शैलाला सांगत होतास की ड्रायव्हर बाई होती, तिला दोन मुलं आहेत, ती बर्फात चढावर गाडी कशी काढते ते तिनं दाखवलं, आणि समोरच्या दांड्यावर सायकली कशा टांगतात. शैला रस घेऊन ऐकत होती. मी टीव्हीवर बातम्या लावल्या.

डेट्रॉइटच्या एअरपोर्टवर बॅग चेक-इन करून झाल्यावर तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. “नंदू, तू परवा बोललास त्याचं मला काही नाही. फक्त आधी सांगायचंस. मी तशी तयारी करून आलो असतो.”

मी काय बोललो? “गेट सदतीस आहे, दादा, लांब आहे, तू निघ.”

त्यानंतर तू अमेरिकेत आला नाहीस. रविवारचे फोन मात्र चुकवले नाहीस. आणि दर थोड्या महिन्यांनी तेच आमंत्रण. “ये एकदा. माझ्या चार नंबरच्या निळ्या बसमध्ये बस. पुढच्या सीटवर. पुलावरून शहर दाखवतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तासाभराचं काम आहे.” मी म्हणायचो, येतो, रिटायर होऊ दे, येतो, गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे.

आता ती गोष्ट, दादा.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही तीन जोडपी बोटीच्या ट्रिपला गेलो होतो, कोपनहेगन, हेलसिंकी, ती बाल्टिक समुद्रातली शहरं. तुला शैलानं सांगितलंच होतं. तू रविवारी विचारलंस, “स्टॉकहोमला थांबणार का?” मी म्हटलं, अजून नक्की नाही. नक्की होतं. तिकिटावर छापलेलं होतं. सकाळी सातला बोट लागणार, संध्याकाळी पाचला सुटणार.

तुला कळवलं असतं तर तू धक्क्यावर आला असतास. सुट्टी नसती मिळाली तर ड्युटी बदलून आला असतास. कदाचित युनिफॉर्मवरच. आणि माझ्याबरोबर सुरेश होता, आणखी एक डॉक्टर जोडपं होतं, आणि त्यांना मी काय सांगून ठेवलं होतं ते तुला माहीत आहे. बस, एवढंच कारण होतं. यापेक्षा मोठं काही असतं तर बरं वाटलं असतं.

आम्ही टूरिस्ट बसमध्ये बसून तुझं शहर बघितलं. लाल विटांचा टाउन हॉल, त्याच्या मनोऱ्यावरचे तीन सोनेरी मुकुट. समुद्रातून वर काढलेलं ते जुनं जहाज. जुन्या गावातल्या अरुंद गल्ल्या. मग गाइड म्हणाला, आता शहराचा सगळ्यात सुंदर देखावा, आणि बस त्या उंच पुलावर चढली. दोन्ही बाजूंना पाणी, बेटं, चर्चचे मनोरे. सगळे मोबाइल काढून उभे राहिले. समोरून एक लांबलचक निळी बस येत होती. कपाळावर चार.

शैलानं माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बघायला लागलो.

बस बाजूनं निघून गेली. ड्रायव्हर कोण होता ते मी पाहिलं नाही. पुढचे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होतो की तो तू नव्हतास, शहरात चार नंबरच्या कितीतरी बस असतील.

ट्रिपवरून आल्यावरच्या रविवारी तू विचारलंस, “कशी झाली ट्रिप?”

“छान झाली, दादा.”

“स्टॉकहोमला नाही थांबली का बोट?”

“नाही ना. हवा खराब होती. कॅन्सल केलं त्यांनी.”

“हो का,” तू म्हणालास. “होतं असं. जूनमध्येसुद्धा होतं कधीकधी.” आणि मग तू मला हेलसिंकीबद्दल विचारलंस, आणि मी पंधरा मिनिटं हेलसिंकीचं वर्णन केलं.

तर आता या वेळचं सांगतो. तेस्फाय विमानतळावर घ्यायला आला होता. मी फोनवरच्या आवाजावरून कोणी म्हातारा समजत होतो, तर पन्नाशीचा, उंच, एरिट्रियाचा माणूस. त्यानं माझी बॅग घेतली आणि म्हणाला, “चेहरा सारखाच आहे. फक्त तो हसायचा.” मग त्यालाच वाईट वाटलं आणि सबंध प्रवासात तो माझी समजूत काढत राहिला की त्याला तसं म्हणायचं नव्हतं.

तुझं घर मी पहिल्यांदा पाहिलं. एक खोली, एक स्वयंपाकघर, खिडकीतून गुलमार्शप्लानचं बसस्थानक दिसतं. अण्णा-आईचा फोटो. हिंग एका बरणीत, ती दुसऱ्या बरणीत, ती तिसऱ्या डब्यात, वास बाहेर जाऊ नये म्हणून. तेस्फाय म्हणाला, तरीही खालच्या मजल्यावरच्या आजी ओळखायच्या की आज वरण आहे.

तळघरातली कपडे धुण्याची खोली तू मला फोनवर समजावून सांगितली होतीस. भिंतीवर एक फळा असतो, त्यावर वार आणि वेळा, आणि प्रत्येक घराचं एक छोटं कुलूप, ज्याला जी वेळ हवी तिथे तो आपलं कुलूप अडकवतो. तू सांगत होतास तेव्हा मी ‘हं, हं’ म्हणत ई-मेल वाचत होतो. या वेळी खाली गेलो तर तुझं कुलूप गुरुवारी दहा ते एकच्या जागी तसंच होतं. तुझ्या मागे तीन आठवडे त्या इमारतीतल्या कोणीही ते काढलं नव्हतं, कोणी ती वेळ घेतली नव्हती. गुरुवारी दहा वाजता मी तुझ्या चादरी, उशांचे अभ्रे, तो निळा स्वेटर खाली नेला आणि धुतला. एकदा मशीन लावल्यावर काम नव्हतं, तरी एक वाजेपर्यंत तिथेच बाकावर बसलो. एक बाई येऊन माझ्याशी हात मिळवून गेली. तिला इंग्रजी येत नव्हतं.

शुक्रवारी तेस्फायची ड्युटी होती. त्यानं मला एक कार्ड दिलं, दारात मशीनला कसं लावायचं ते दाखवलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. तुझी सीट समोर होती, म्हणजे आता त्याची. बस निघाली.

तू खरं सांगत होतास. स्टॉपवर कोणी म्हातारं उभं असलं की बस एका अंगाला झुकते, फुस्स आवाज करत, आणि पायरी फुटपाथला टेकते. बाबागाडी घेऊन आलेल्या आयांना तिकीट नाही, त्या मधल्या दारातून चढतात आणि कोणी कपाळाला आठी घालत नाही. समोरून दुसरी बस आली की दोन्ही ड्रायव्हर स्टिअरिंगवरून चार बोटं उचलतात. हे सगळं तू मला सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं असं मला वाटत नव्हतं, पण एकेक दिसायला लागलं तसा तुझाच आवाज येत होता.

हॉर्नस्टुलला एक आजी चढल्या, ऐंशीच्या पुढच्या, चाकांचा वॉकर ढकलत. तेस्फायनं मान मागे वळवून त्यांना स्वीडिशमध्ये काहीतरी सांगितलं. त्या माझ्या शेजारी बसल्या. बहुतेक मनात इंग्रजी वाक्य जुळवत होत्या.

“तुम्ही मनोहरचे भाऊ.”

“हो.”

“माझा नवरा सहा वर्षं वृद्धाश्रमात होता. मी रोज या बसनं जायची. तुमचा भाऊ मी बसेपर्यंत गाडी हलवायचा नाही. मागे गाड्या वाजवायच्या, तरी नाही. आरशातून बघायचा, मी मान हलवली की मगच निघायचा.” मग म्हणाल्या, “नवरा गेला त्या दिवशी मी उलट्या बाजूच्या बसमध्ये चढले. डोकं चालत नव्हतं. योगायोगानं तोच होता. त्यानं विचारलं नाही काही. शेवटच्या स्टॉपवर त्याचा कॉफीचा थर्मास मला दिला, आणि परत येताना घराजवळ उतरवलं.”

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “तो किती वर्षं बस चालवत होता?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. भावाला हे माहीत नाही?

“पुष्कळ,” त्या म्हणाल्या. “माझे केस काळे होते.”

मग पूल आला. तू म्हणायचास तसाच, बस चढावर जरा दम खाते आणि मग एकदम सगळं शहर उघडं पडतं. पाणी गोठून पांढरं झालं होतं. मनोऱ्यावर तीन मुकुट. मी त्या वेळी जिथून मान फिरवली होती तीच जागा. या वेळी मी सगळं पाहिलं, दादा. डोळ्यांत पाणी असल्यामुळे नीट दिसलं नाही, पण मान फिरवली नाही.

शेवटच्या स्टॉपवर बस रिकामी झाली. तेस्फायनं इंजिन बंद केलं आणि दोन कप काढले. मी त्याला सहज विचारलं, तो माझ्याबद्दल काही बोलायचा का.

“खूप. तुझा फोटोही दाखवला होता.”

“लग्नातला?”

“नाही, इथलाच. टाउन हॉलसमोरचा. तू, तुझी बायको, तुझे मित्र.”

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

“दहा-अकरा वर्षं झाली असतील,” तेस्फाय म्हणाला. “शुक्रवार होता. तुझ्या मित्राच्या बायकोनं फेसबुकवर टाकला होता, त्याला दिसला. डेपोत सगळ्यांना दाखवत फिरला. ‘हा माझा धाकटा भाऊ. डॉक्टर आहे. बघा, माझ्या शहरात येऊन गेला.’ आम्ही म्हटलं, मग इकडे का नाही आणलंस? तर म्हणाला, त्याला वेळ फार कमी होता.”

शुक्रवार, म्हणजे आमची बोट तिथे होती तोच दिवस. आणि मी रविवारी तुला सांगितलं की बोट थांबलीच नाही. तू विचारलंस तेव्हा तुला माहीत होतं. ‘हो का’ म्हणालास तेव्हाही माहीत होतं. जूनमध्येसुद्धा हवा खराब होते असं सांगून तूच माझ्या खोट्याला टेकू दिलास. का रे? शिवी का नाही दिलीस? एक शिवी दिली असतीस तर दुसऱ्या दिवशी मी विमानात असतो, एवढं तरी मला माझ्याबद्दल वाटतं. की तुला तेवढीही खात्री नव्हती?

तेस्फायला मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, “त्याच्या आजारपणात मी त्याला रोज म्हणायचो, भावाला कळव. तो काय म्हणायचा सांगू?”

“सांग.”

“पहिल्यांदा म्हणायचा, तो डॉक्टर आहे, येऊन इथल्या डॉक्टरांशी भांडेल. नंतर एकदा म्हणाला, कळवलं आणि तो आला नाही, तर मला फार वाईट वाटेल. त्यापेक्षा नको.”

बस निघायची वेळ झाली होती. बाहेर दोन बायका आणि एक शाळकरी मुलगी थांबली होती. तेस्फायनं माझ्या पाठीवर हात ठेवला, कप घेतला आणि दार उघडलं.

अंत्यविधी सोमवारी झाला, शहराच्या दक्षिणेला पाइनच्या झाडांतली ती मोठी दफनभूमी, तिथल्या छोट्या चॅपलमध्ये. मला वाटलं होतं पाच-सहा माणसं असतील. चौतीस होती. सतरा तर युनिफॉर्ममध्ये, काहींना लगेच ड्युटीवर जायचं होतं. एकेक जण येऊन शवपेटीवर एक फूल ठेवत होता आणि तुझ्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होता. माझी पाळी आली. मी म्हटलं, “दादा, मी नंदू.”

तुझी राख मी कृष्णेत सोडायला नेणार होतो. तेस्फायनं तुझ्या टेबलाच्या खणातला कागद आणून दाखवला. स्वीडिशमध्ये लिहिलेला. त्या दफनभूमीत एक राई आहे, तिथे राख पुरतात, पाटी नाही, नाव नाही, नेमकी जागा घरच्यांनाही सांगत नाहीत. तू तीच मागितली होतीस. खाली एक ओळ होती ती तेस्फायनं भाषांतर करून सांगितली: “माझा भाऊ आला तर वाद घालेल. त्याला कॉफी द्या आणि ऐकू नका.”

‘आला तर’ असंच लिहिलं होतंस का? मी दोनदा विचारलं. तसंच होतं.

मी वाद घातला नाही. कॉफी घेतली.

इकडे परत आल्यावर मी सुरेशला फोन केला. म्हटलं, मला तुला एक सांगायचंय, दादा प्लॅनिंगमध्ये नव्हता, तो बस चालवायचा, छत्तीस वर्षं.  मग सुरेश म्हणाला, “यार, मला माहीत आहे. लग्नातच त्यांनी सांगितलं होतं. मी नेटवर्कबद्दल काहीतरी विचारलं तर म्हणाले, डॉक्टरसाहेब, मला खोटं बोलायला जमत नाही, मी ड्रायव्हर आहे, पण नंदूला कळू देऊ नका, त्याला अवघड वाटेल.” तो पुढे म्हणाला, “बोटीवर मी शैलावहिनींना विचारलंसुद्धा, दादांना भेटायचं नाही का? त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, तुमचं काही भांडण असेल.”

आपलं भांडण. कधी झालं होतं रे आपलं भांडण?

म्हणजे मी लपवत होतो ते कोणापासून? ज्यांच्यापासून लपवत होतो त्यांना माहीत होतं. ज्याच्याबद्दल लपवत होतो त्याला माहीत होतं. शैलाला माहीत होतं. एवढी वर्षं सगळे मिळून मला सांभाळून घेत होते. रात्रीच्या जेवणाला मी शैलाला विचारलं, तू मला तेव्हा पुलावर काही बोलली का नाहीस? ती भात वाढत होती. म्हणाली, “बोलले असते तर तुम्ही काहीतरी कारण दिलं असतंत. मग ते मला आयुष्यभर लक्षात राहिलं असतं.” आणि ती उठून आत गेली. बऱ्याच वेळानं परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. तिलाही तुझी आठवण येते, दादा. लग्नानंतर तूच तिला पहिल्यांदा विचारलं होतंस की तुला या थंडीत करमतं का.

गेल्या शनिवारी अनघा आणि मीरा शिकागोहून आल्या. मीरा आता बारा वर्षांची आहे, तू तिला फक्त व्हिडिओवर बघितलंस. ती माझ्याजवळ सोफ्यावर येऊन बसली. “आजोबा, युवर ब्रदर, व्हॉट डिड ही डू?”

“बस चालवायचा,” मी म्हटलं. “स्टॉकहोममध्ये. चार नंबरची.”

आणि मग सगळंच सांगितलं. तुझं पत्र, लग्न, बोट, फोन. मराठीत सांगितलं, अडलं तिथे इंग्रजीत. अनघा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, तिलाही यातलं काही माहीत नव्हतं.  माझं झाल्यावर मीरा म्हणाली, “दॅट वॉज मीन, आजोबा.”

“हो.”

“वॉज ही मॅड?”

“नाही.”

तिनं थोडा विचार केला. “आय वुड बी.” आणि मग माझ्या दंडावर डोकं टेकून तिनं विचारलं, “कॅन वी गो देअर?”

तिकिटं काढली, दादा. तिची शाळा सुटली की जूनमध्ये, ती आणि मी, दोघंच. शैला म्हणाली, या वेळी तुम्हीच जा, मी नंतर येईन. तेस्फायला कळवलंय, तो त्याची ड्युटी बघून ठेवणार आहे. मीराला पुढच्या सीटवर बसवीन आणि तू मला जे जे सांगितलं होतंस ते तिला सांगेन, ती मोबाइल बघत असली तरी सांगेन. ती विचारेल तिला आणि जो कोणी विचारेल त्याला तू काय करत होतास ते एका वाक्यात सांगेन. मग पाइनच्या त्या राईत जाऊ. तू नेमका कुठे आहेस ते विचारणार नाही, तिथल्या एखाद्या बाकावर बसू.

सोळा जूनला सकाळी पोचतो आहे. या वेळी आधी कळवतोय.

तुझा धाकटा भाऊ,
नंदू